साचा एकदाच करावा, पण पुसून करावा



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास जतमधील आमच्या घरी एक गृहस्थ आले. गवंडीकाम करतात, त्याआधी बरीच वर्षे वीटभट्टीवर होते. आम्ही 'या, बसा' म्हटले, पण ते बसेनात. 'जयभीम भाऊ' म्हणून उंबऱ्याशीच उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीनं तुमची मशीन मोडली म्हणं. किती भरायचं सांगा. एकदम न्हाई जमायचं, पर दोन-तीन हप्त्यांत देतो."

आम्हांला क्षणभर काही सुचेना. त्यांची मुलगी आयटीआयमध्ये 'कोपा' हा संगणकाचा ट्रेड करते. वस्तीतील सहा मुलांबरोबर तीही संध्याकाळी आमच्याकडे सरावाला येते. चार दिवसांपूर्वी तिने संगणकातील जुने पायथॉन काढून नवे घालण्याचा खटाटोप केला. लिनक्समध्ये पडद्यावरच्या कितीतरी गोष्टी त्या पायथॉनच्या आधाराने उभ्या असतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही सांगितले नव्हते. जुने पायथॉन गेले, त्याच्याबरोबर सगळा डेस्कटॉप गेला आणि समोर काळा पडदा व एक लुकलुकणारी रेघ तेवढी राहिली. पोर काही न बोलता घरी गेली, ती परत आलीच नाही.

गृहस्थांना आम्ही बळेच बसवले. चहा झाला. यंत्राचा एक स्क्रूही हललेला नाही, आत भरलेले गेले, ते परत भरता येते, असे समजावून सांगितले. ते गेले, पण त्यांचा प्रश्न काही आमच्या डोक्यातून जाईना. कारण खरे बोलायचे तर नुकसान झालेच होते. ते परत भरायला आमचा अख्खा रविवार गेला होता. लिनक्स घाला, मराठी अक्षरे घाला, कळफलक बसवा, लिबर ऑफिस घाला, मुलांची खाती उघडा. उद्या दुसऱ्या मुलाने मोडले की दुसरा रविवार. असे तीन-चार रविवार गेले असते तर आमच्याही तोंडून तेच वाक्य बाहेर पडले असते, जे आपली मुले अंगणवाडीपासून ऐकत आली आहेत : हात लावू नकोस, मोडेल.

शाळेत संगणक असतो, त्यावर कापड असते आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते. आपल्या घरी यंत्र आले तर ते हप्त्यावर आलेले असते, म्हणून ते मुलांपासून जपायचे. ज्यांच्याकडे दुसरे यंत्र घ्यायची ऐपत आहे, त्यांची मुले पहिले यंत्र मोडून शिकतात. आमच्या मते शिक्षणातला हा फरक फीच्या फरकाहून लहान नाही.

त्यावर आम्ही जो मार्ग काढला त्याची हकीकत, आणि त्यात आमच्या हातून झालेली एक गंभीर चूक, आज सांगणार आहोत.

प्रथम यंत्राविषयी. विंडोज १० या प्रणालीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. विंडोज ११ मात्र इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. परिणामी कचेऱ्यांतून धडधाकट संगणक बाहेर पडू लागले. असाच एक सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह संगणक आम्ही सांगलीहून जुना म्हणून आणला. त्यात १६ जीबी रॅम व ५०० जीबीची एसएसडी डिस्क आहे. लिनक्सला तो अजून बरीच वर्षे पुरेल. हाच आमचा घरचा सर्व्हर. सर्व्हर म्हटले की लोकांना थंड खोलीतले कपाट आठवते. आमचा सर्व्हर गव्हाच्या पत्र्याच्या डब्याशेजारी बसलेला आहे. त्याला स्वतःचा पडदा नाही. मुले दोन जुन्या लॅपटॉपांवरून आणि मोबाईलवरून घरच्या वायफायने त्याच्याशी जोडली जातात.

आमच्या सहचारिणीने पहिला प्रश्न लाईटबिलाचा काढला, आणि तो योग्यच होता. असे यंत्र निवांत असताना साधारण २५ वॅट खाते. चोवीस तास चालवले तर महिन्याला १८ युनिट. आम्ही सकाळी सात ते रात्री दहा चालवतो, म्हणजे सव्वाअकरा युनिट. काम वाढले की थोडे अधिक. आपापल्या बिलावरचा दर लावून प्रत्येकाने हिशेब करावा.

आता एका यंत्रातून सात मुलांना सात यंत्रे कशी मिळतात? ही युक्ती जुनी आहे. मोठ्या यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता, त्या काळात, १९७२ साली, आयबीएम कंपनीने 'व्हीएम/३७०' ही प्रणाली आणली. एकच महागडे यंत्र, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला ते आपलेच वाटावे. तेच काम आज लिनक्समध्ये 'केव्हीएम' हा भाग करतो. तो २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात आला. हे सगळे एका पडद्यावरून सांभाळण्यासाठी आम्ही 'प्रॉक्समॉक्स' वापरतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरातल्या कंपनीने ते बनवले, पहिली आवृत्ती २००८ साली निघाली. ते डेबियन लिनक्सवर उभे आहे आणि मुक्त परवान्याखाली मिळते. पैसे भरून वर्गणीदार झालात तर कंपनी मदत देते व अधिक तपासलेले अपडेट देते; न भरता वापरले तरी कोणतेही काम अडत नाही. आत शिरताना 'आपली वर्गणी नाही' अशी पाटी मात्र दरवेळी येते. ती पाहून घाबरू नये. फक्त अपडेटचा पत्ता वर्गणीविना मिळणाऱ्या भांडाराकडे वळवून घ्यावा, नाहीतर अपडेट करताना त्रुटी येत राहते. आणि यंत्राच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, हे आधी बघावे. आम्ही ते न बघता एक संध्याकाळ वाया घालवली.

प्रॉक्समॉक्समध्ये दोन प्रकारची बिऱ्हाडे करता येतात. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. भिंती वेगळ्या, कुलूप वेगळे, पण पाया एक आणि पाण्याची टाकी एक. हा पाया म्हणजे लिनक्सचा गाभा. म्हणून खोली स्वस्त पडते, अर्धा जीबी रॅममध्येही भागते आणि काही सेकंदांत उघडते. पण तिच्यात लिनक्सच राहू शकते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र घर. पाया स्वतःचा, टाकी स्वतःची, आत विंडोजसुद्धा नांदेल. मात्र जागा व रॅम जास्त लागते. मुलांना मोडतोड करायला द्यायचे असेल तर आम्ही घर देतो, खोली नाही. टाकीत कोणी हात घातला तर सगळ्या चाळीचे पाणी गढूळ होते. डॉकर शिकणाऱ्या मुलांनाही स्वतंत्र घरच द्यावे; प्रॉक्समॉक्सवाल्यांचा सल्लाही तोच आहे. कंटेनर आम्ही आमच्या ठरलेल्या कामांसाठी ठेवले आहेत. एकात विकिपीडिया आहे, 'किविक्स' या मोफत आज्ञावलीने इंटरनेटशिवाय वाचता येतो, मराठीसुद्धा. दुसऱ्यात मुलांच्या फायली. तिसरा वेबपेज व डेटाबेसच्या सरावासाठी.

रॅमचा जमाखर्च आम्ही असा मांडला. एकूण १६. प्रॉक्समॉक्सला २ सोडले. एकावेळी पाच मुले बसतात, प्रत्येकी २, म्हणजे १०. तीन कंटेनर मिळून दीड. शिल्लक अडीच. बी.कॉम.चा आम्हांला कुठे उपयोग झाला असे कोणी विचारले तर हे सांगतो.

आता साचा. संगणकवाले त्याला टेम्प्लेट म्हणतात. एक व्हर्च्युअल मशीन मनासारखे तयार करायचे, बंद करायचे आणि त्यावर उजवी कळ दाबून 'टेम्प्लेट करा' हा पर्याय निवडायचा. त्या क्षणापासून ते यंत्र चालू होत नाही. ते फक्त प्रती काढण्यापुरते उरते. पुन्हा उजवी कळ, 'क्लोन', नाव द्या, झाली प्रत. मुलाने मोडली तर ती पुसा, नवी काढा. जिथे अख्खा रविवार जात होता तिथे आता चहा निवेपर्यंत काम होते. कंटेनरचेही तसेच. फक्त एक गोष्ट नवख्याला चकवते. कंटेनर करताना जी डेबियनची किंवा उबुंटूची तयार पुडी उतरवून घ्यावी लागते, तिलाही टेम्प्लेटच म्हणतात. ती पुडी म्हणजे दुकानातला कोरा कागद. त्यावर आपण आखणी करून जो नमुना तयार करतो तो आपला साचा. नाव एक, वस्तू दोन.

प्रतीही दोन जातीच्या. 'फुल क्लोन' म्हणजे संपूर्ण नक्कल. मूळ साचा जळाला तरी ती जगते. 'लिंक्ड क्लोन' साच्याला टेकून उभी असते, तिच्यात फक्त मुलाने केलेले बदल साठतात. आमचा साचा आठेक जीबीचा. सात फुल क्लोन म्हणजे छप्पन्न जीबी. सात लिंक्ड क्लोन सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा घेत नाहीत. आम्ही अर्थातच लिंक्ड काढल्या. काटकसर अंगात मुरलेली आहे. तिचीही किंमत पुढे द्यावी लागली.

आता ती चूक.

वस्तीतील लोक आमच्याकडे अर्ज भरायला येतात. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारमधील दुरुस्ती. कागद मोबाईलवर पाठवतात, आम्ही ते उतरवून घेतो आणि अर्जाला जोडतो. महिनाभर हे सगळे काम आम्ही त्याच सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये करीत होतो. ते छान बसले होते, मराठी उत्तम उमटत होते. साचा करायचे ठरले तेव्हा आम्ही विचार केला, नवीन कशाला मांडायचे? हेच तयार आहे. उजवी कळ दाबली, साचा झाला, सात प्रती निघाल्या. सात मुले खूश.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "काका, तुमचा विम्याचा हप्ता थकलाय."

सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि मग पोटात गोळा आला. त्याच्या प्रतीत ब्राउझर उघडला की आमची टपालपेटी उघडत होती. आम्ही कधीच बाहेर पडलो नव्हतो, तसेच साच्यात गेलो होतो. टपाल आमचे, ते एकवेळ राहू द्या. पण 'डाउनलोड'चा कप्पा उघडला तर त्यात अकरा कुटुंबांचे कागद. कोणाचे आधार, कोणाचे बँकेचे पासबुक, कोणाच्या रुग्णालयाचे बिल. सात प्रतींत, सातदा. शेजाऱ्याची मिळकत शेजाऱ्याच्या मुलाच्या पडद्यावर.

आम्ही कारकून आहोत, आणि हीच चूक आम्ही कचेरीत दुसऱ्यांच्या हातून होताना कितीदा पाहिली आहे. कोरा अर्ज सापडत नाही म्हणून कोणीतरी भरलेल्या अर्जावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढतो. नाव झाकले जाते, पण खाली जुन्याची तारीख राहते, कोपऱ्यात जावक क्रमांक राहतो, आणि मग तो क्रमांक घेऊन शंभर अर्ज टेबलावर येतात. आम्ही अशांना दम दिलेला आहे. घरी मात्र तेच केले.

त्या रात्री सगळे पुसायला बसलो, तेव्हा लिंक्ड क्लोनची किंमत कळली. प्रती साच्याला टेकलेल्या, म्हणून प्रती असेपर्यंत साचा पुसता येत नाही. प्रॉक्समॉक्स नकार देते. प्रती पुसाव्या तर त्यांत मुलांचे तीन दिवसांचे काम. त्या गवंडीभाऊंची मुलगी आम्ही स्वतः जाऊन बोलावून आणली होती; तिने पहिल्यांदाच डेटाबेसचे चार तक्ते जोडून दाखवले होते. तेही त्यातच. रात्री एकपर्यंत एकेका प्रतीतून मुलांच्या फायली बाहेर काढल्या, मग प्रती पुसल्या, मग साचा. त्या दिवसापासून नियम केला की मुलाचे काम प्रतीत राहता कामा नये. ते वेगळ्या कंटेनरमधल्या सामायिक कप्प्यात जाते, ज्याच्या त्याच्या नावाने. प्रत ही मोडण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा घरी गेलो. तुमचे कागद आमच्या चुकीने तीन दिवस मुलांच्या हाताशी होते, आता पुसले आहेत, असे प्रत्येक घरी सांगितले. एकीने विचारले, "आता काय व्हतंय त्यानं?" आधारचा बायोमेट्रिक भाग कसा लॉक करता येतो ते त्यांना करून दिले, आणि बँकेच्या नावाने फोन आला तर काही सांगू नका म्हटले. दोन घरी लोक रागावले. रागावण्याचा त्यांना हक्क होता. त्यांतले एकजण अद्याप अर्ज दुसरीकडून भरून घेतात.

गवंडीभाऊंच्या घरीही गेलो, कारण त्यांचा उत्पन्नाचा दाखला त्यात होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, भट्टीवर साचा दर खेपेला धुवावा लागायचा. राख मारायची, मग गारा भरायचा. आधीची माती चिकटून राहिली की पुढची वीट कोपऱ्याला तुटायची." आम्ही जे पुस्तकांतून आणि रात्र जागून शिकलो ते त्यांना आधीपासून ठाऊक होते.

तर साचा धुवायचा कसा? पहिली गोष्ट, वापरलेल्या यंत्राचा साचा करूच नये. फाइल पुसली म्हणजे ती डिस्कवरून गेली असे नव्हे. जाणकार माणूस ती पुष्कळदा परत काढतो. म्हणून कोरे यंत्र मांडावे, त्यात ब्राउझर एकदाही न उघडता हवे ते घालावे, अपडेट करावे आणि साचा करावा. आपले टपाल, आपला बँकेचा व्यवहार, लोकांचे अर्ज यांसाठी वेगळे यंत्र. ते कधीही साचा होणार नाही.

कोऱ्या यंत्रातही काही खुणा राहतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक लिनक्सला जन्मतः एक 'मशीन-आयडी' मिळतो. तो साच्यात राहिला तर सातही प्रतींचा तोच. उबुंटूच्या यंत्रांत यामुळे राउटर दोन प्रतींना एकच पत्ता देतो, आणि मग एक चालू केली की दुसरीचे नेट जाते. आपण वायर हलवत बसतो. साचा करण्यापूर्वी ही फाइल रिकामी करावी. काढून टाकू नये, रिकामी करावी. पहिल्यांदा चालू होताना यंत्र नवा क्रमांक स्वतः लिहून घेते. नेटवर्क कार्डाचा क्रमांक मात्र प्रॉक्समॉक्स प्रत्येक प्रतीला नवा देते, त्याची चिंता नको.

दुसरी खूण म्हणजे एसएसएचच्या ओळखीच्या किल्ल्या. दूरून यंत्रात शिरताना 'हे तेच यंत्र आहे' अशी ग्वाही या किल्ल्या देतात. सातही प्रतींना एकच किल्ली असेल तर ग्वाहीला अर्थ काय? त्या साच्यातून काढाव्यात. व्हर्च्युअल मशीनमध्ये 'क्लाउड-इनिट' घालून ठेवले असेल तर प्रत पहिल्यांदा उठताच नव्या किल्ल्या घडवते, शिवाय प्रत्येक प्रतीचे नाव, वापरणारा, पासवर्ड हे आपण प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरूनच ठरवू शकतो. हे क्लाउड-इनिट साच्यात आधी एकदा चालले असेल तर त्याचीही आठवण पुसावी लागते. आमच्या कंटेनरांत ते नाही. तेथे प्रत काढल्यावर ओपन-एसएसएच पुन्हा मांडून किल्ल्या हाताने करून घेतो, नाहीतर एसएसएच उठतच नाही. आणि पासवर्ड. कंटेनरची प्रत काढताना नवा पासवर्ड विचारला जात नाही, साच्यातलाच जातो. तो लगेच बदलावा. हे आम्ही दोनदा विसरलो आहोत, म्हणून आता सर्व्हरच्या डोक्यावर कागद चिकटवला आहे.

साच्याच्या नावात आम्ही महिना आणि साल घालतो. कारण साचा शिळा होतो. सहा महिन्यांपूर्वीच्या साच्यातून आज काढलेली प्रत सहा महिन्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्या न घेता जन्मते. साच्याला स्वतःला उठवता येत नाही. म्हणून त्याची फुल क्लोन काढायची, तिला अपडेट करायचे, वरीलप्रमाणे पुसायचे आणि तिचाच नवा साचा करायचा. जुन्या साच्याला टेकलेल्या प्रती संपल्या की जुना काढायचा. आम्ही हे तीन महिन्यांतून एकदा करतो. यंत्रांचे आकडे प्रॉक्समॉक्स १०० पासून देते. आम्ही साच्यांना ९००० च्या पुढचे देतो, म्हणजे ते यादीत खाली वेगळे बसतात आणि चुकून हात लागत नाही.

नव्या साच्यात एक सुधारणा एका मुलामुळे झाली. आपल्या तालुक्याच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोलतात, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिकडचा एक मुलगा मामाकडे राहून येथे शिकतो. पहिल्या साच्यात आम्ही फक्त मराठी घातली होती. तो बिचारा इंग्रजीत कसेबसे टंकत बसायचा, तक्रार केली नाही. आम्हीही विचारले नाही. आता साच्यात कन्नड अक्षरे आणि कन्नड कळफलक दोन्ही आहेत. 'इनस्क्रिप्ट' मांडणीची गंमत अशी की मराठीचा क ज्या कळेवर, कन्नडचाही क त्याच कळेवर. आता तो आमच्या मुलांना कन्नड टंकायला शिकवतो. त्यांच्या बोटांना ते आधीपासून येत होते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स व लिबर ऑफिसचे पाठ मराठीत आणि कन्नडमध्येही मोफत आहेत. तेही उतरवून सामायिक कप्प्यात ठेवले आहेत.

लाईटविषयी वेगळे सांगायला नको. ऐन उन्हाळ्यात कधी जाईल याचा नेम नाही. एक लहान यूपीएस लावला आहे. मुलांना फायली साठवून यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप चालू' हा पर्याय असतो, तो लावला. प्रॉक्समॉक्समध्येही प्रत्येक कंटेनरला 'सर्व्हरबरोबर चालू' अशी खूण करता येते. आणि प्रॉक्समॉक्सचा पडदा इंटरनेटवर उघडा करू नये. तो घरच्या वायफायपुरताच ठेवावा. बाहेरगावाहून बघायचे आहे म्हणून राउटरमध्ये भोक पाडणारे आम्हांला भेटले आहेत.

ती मुलगी आता नियमित येते. मागच्या महिन्यात तिने एका आठवड्यात चार प्रती मोडल्या. एकदा तर मुद्दाम. पायथॉन काढल्यावर नक्की काय-काय जाते ते तिने वहीत लिहून काढले, मग प्रत पुसली आणि स्वतःच नवी काढून घेतली. या महिन्याचा साचा तिनेच केला आहे. आम्ही फक्त मागे बसून पुसायची यादी वाचत होतो.

साच्याचा बॅकअप घेतला की तो एका फाइलमध्ये मावतो आणि दुसऱ्या गावच्या प्रॉक्समॉक्सवर तसाच उतरवता येतो. गेल्या आठवड्यात उमदीहून एक शिक्षकबंधू त्यासाठी आले होते. तेथेही काही मुले जमतात, जुना संगणक मिळाला आहे. फाइल पेनड्राइव्हवर चढेना. जागा भरपूर, तरी 'जागा नाही' म्हणे. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा होता, आणि त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट करून घेतला, मग बसली. शेवटची एसटी मात्र चुकली. ते मुक्कामाला राहिले. सकाळी निघताना आम्ही त्यांना पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि पोहोचताच बदलायला सांगितले. अजून त्यांचा फोन आलेला नाही.